बारा व्होल्टाचा जोड

भातकुली रोड, अमरावती
२४ ऑगस्ट २०२५

ती. केशवमामांस,
भाचेसून वर्षालीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. काल तान्ह्या पोळ्याला प्रणालीने लाकडी बैल ओढत सगळी गल्ली पालथी घातली आणि शेवटी बैलाचं एक चाक आणून माझ्या हातात दिलं. सहा वर्षांची झाली, पण वस्तू मोडायचा वेग अजून दोन वर्षांचाच आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर लिहिलेलं तुम्ही वाचत नाही, म्हणून हे पत्र. सासूबाई म्हणतात, दादाले कागदावरचंच खरं वाटते.

जूनमध्ये तुम्ही पंधरा दिवस राहून गाडीची वायरिंग करून दिलीत. जुन्या ट्रॅव्हलरचं असं फिरतं घर होईल हे मला खरंच वाटलं नव्हतं. झोपायचे दोन बाक, शेगडी, फ्रिज, पंखा, सगळं आत. तुमच्या भाच्यांनी, म्हणजे ह्यांनी, चिखलदऱ्याला जाणाऱ्या लोकांना ती भाड्याने द्यायला सुरुवात केली आहे. तीन फेऱ्या झाल्या.

आता लिहायचं कारण. मागच्या बाकाखालच्या बॅटरीतून इन्व्हर्टरला जी जाड केबल जाते, तिचं टोक तासभर फ्रिज चालला की चटका देतं. सगळी केबल नाही, फक्त टोक. जिथे तांब्याची टोपी, म्हणजे थिंबल, बसवली आहे तिथेच. आयटीआयला आम्हाला शिकवलं होतं की तार गार आणि टोक गरम म्हणजे जोड सैल. घर हलत नाही, गाडी हलते. घाटातल्या वळणावळणाला तो जोड थोडा थोडा सुटतो. बारा व्होल्टाचा शॉक बसत नाही हे खरं, पण तोच फ्रिज बारा व्होल्टावर चालवायला करंट घरच्यापेक्षा जवळपास वीसपट लागतो, आणि तो सगळा त्या एका सैल टोपीतून जातो. फ्यूजही उडणार नाही, कारण करंट ठरल्यापेक्षा जास्त नाहीच.

त्या बाकावर प्रणाली खेळते, तिथेच झोपते.

माझ्या कामाला कुणी पेचकस लावायचा नाही, असं तुम्ही जाताना बजावलं होतं, म्हणून मी हात लावलेला नाही. तुम्ही दोन ओळींची परवानगी लिहा. दाबायच्या मशीनने नवी टोपी बसवून घेते, अर्ध्या तासाचं काम आहे. मी लिहिल्याचं सासूबाईंना मात्र कळवू नये, त्यांना वाईट वाटेल.

गुडघ्याला जपावे. माया आहे ती राहू द्यावी.

आपली सून,
वर्षाली


डाबकी रोड, अकोला
२९ ऑगस्ट २०२५

चि. माणिकास,
दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या सुनेचं पत्र आलं. सोबत जोडलं आहे, वाच. सासूबाईंना कळवू नका म्हणते, म्हणूनच कळवून राहिलो.

चाळीस वर्षं मी या अकोल्यात वायरिंग केली. दाळमिला केल्या, जिनिंग केल्या, लग्नाचे मांडव तर किती केले ते मोजलेही नाहीत. कुठं एक ठिणगी उडाली नाही. अन् आता ही कानामागून आली अन् तिखट झाली, मले करंट शिकवते! बारा व्होल्ट! अवं, बारा व्होल्टाची तार जिभेले लावली तर गुदगुल्या होतात. मी चारशे चाळीसमधे हात घातलेला माणूस आहे.

तो जोड मी माझ्या हातानं मारला. टोपीत तार घातली अन् हातोडीचे तीन घाव. माझ्या गुरूनं मले तसंच शिकवलं अन् त्याच्या गुरूनं त्याले. मशीन पाहिजे म्हणते. मनगटात जोर नसला की मशीन लागते. अन् पोरीचं नाव कसं मधात आणलं पाहिलं का? लेकराचं नाव घेतलं की सगळं घर घाबरते, हे तिले बरोबर ठाऊक आहे.

आयटीआय शिकलेली पोरगी करू नको, असं मी लग्नातच बोललो होतो. तू म्हणालीस, बिनबापाची आहे, दबून राहील. घे आता. नाकापेक्षा मोती जड झाला. थोडा उतरव.

बाकी इकडे पाणी बरं झालं. तुझ्या हातचे सरगुंडे खाऊन वर्ष झालं, कुणी येणारं असलं तर पाठव.

बहिणीचा जीव आहे तसाच राहो.

केशव


अमरावती
५ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
माणिकचा दंडवत.

तुहं पत्र आलं तं महालक्ष्म्या घरात होत्या. जेवाले बत्तीस मानसं. म्या काय केलं, पंगत बसल्यावर चंदनच्या हातात सूनबाईचं पत्र देल्लं अन् म्हनलं, वाच बाप्पा मोठ्यानं, तुही बायको काय इद्वान आहे थे समद्याइले कळू दे. ती पुरन वाढून राहिली होती. मानलं दादा, हात नाई थांबला तिचा. वाढतच गेली. सुभद्रा जाऊ इतली हासली का तिले ठसका लागला. तवापासून गल्लीतले लोक तिले इंजिनेर बाई म्हनतात. प्रनालीबी म्हनते.

तिची ती आयटीआयची पेटी म्या माळ्यावर टाकली अन् शिडी सुभद्राच्या घरी ठेवली. गाडीची चाबी चंदनजवळ. चंदनचं मन थोडं कच्चं हाये, तुले ठाऊकच हाये. म्हने, आई, एकदा पाहून घेतो थे टोक. म्या म्हनलं, ज्या मामानं तुले टेस्टर धरायले शिकवलं त्याचं काम तपासतं का आता? मंग चाबी खिशात टाकून निंगून गेला.

झेंडूले कळ्या लय लागल्या. दसऱ्या-दिवाळीले भाव राहीन असं वाटते. सरगुंडे पाठवते, गल्लीतल्या शालिकरामचा पोरगा अकोल्याले येनार हाये.

भावाची सावली डोक्यावर राहू दे.

तुही,
माणिक


अमरावती
२२ सप्टेंबर २०२५, घटस्थापना

ती. केशवमामांस,
शि. सा. न. वि. वि.

माझं पत्र तुम्हाला पोचलं हे कळलं, कारण ते मला पंगतीत परत ऐकायला मिळालं. त्याबद्दल मी काही म्हणत नाही. मला फक्त त्या जोडाबद्दल म्हणायचं आहे.

टोक आता तपकिरी पडलं आहे. टोपीजवळची केबलची साल कडक होऊन तडकली आहे. गाडीचं दार उघडलं की जळक्या प्लास्टिकचा वास येतो. हे म्हणतात, शेगडीचा आहे. मामा, तो शेगडीचा नाही.

खंडेनवमीला सासूबाई घरातली सगळी हत्यारं पूजेला मांडतात, हे तुम्हाला माहीत आहे. कोयते, खुरपी, फुलं तोडायच्या कात्र्या, आणि या वर्षी गाडीचे पाने-पकडीही. दसऱ्याचं सोनं लुटून आल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही. आणि सीमोल्लंघनाला तर ही नवी केलेली गाडीच काढायची असं ठरलं आहे. म्हणजे गाडी माणसांनी भरून निघेल, त्या दिवशी वापरायला घरात एक पाना नसेल.

नवमीच्या आधी तेवढा जोड बदलून घ्या, असं तुम्ही तुमच्या बहिणीला लिहा. माझं नाव घालू नका. तुमच्याच मनात आलं असं लिहा. तुमचा मान कुठेही जाणार नाही. हवं तर मी सगळ्यांसमोर म्हणेन की मामांना अकोल्यात बसून कळलं.

एवढं करावं. पाया पडते.

वर्षाली


अकोला
२६ सप्टेंबर २०२५

चि. सौ. वर्षालीस,
आशीर्वाद.

पत्र पावलं. तुझ्या मनातलं माझ्या मनात आलं असं मी लिहायचं, म्हणजे म्हाताऱ्यानं आपल्याच तोंडानं आपलं काम खोटं म्हणायचं. युक्ती चांगली आहे. पण मी असल्या युक्त्या करणारे किती ठेकेदार पाहिले अन् सोडले.

नवी केबल चार महिने वास मारतेच. बाईनं चुलीवरच्या दुधाचा वास घ्यावा, म्हणजे ते उतू जाणार नाही. अन् सासूनं पंगतीत पत्र वाचलं म्हणून टोचून लिहिलंस ते मले समजलं. माझं एवढंच सांगणं आहे की ज्या घरात खायचं तिथल्या मोठ्यांच्या चुका काढू नयेत. तुला बाप असता तर त्यानं शिकवलं असतं.

दसऱ्याले सगळ्यांच्या पाया पड, डोकं ठिकाणावर येईल. पुन्हा या विषयावर लिहिलंस तर उत्तर देणार नाही.

लहानांवर लोभ असतोच, तो आहे.

केशवराव


अमरावती
६ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,
माणिकचा दंडवत.

दादा, लय वाईट झालं, पन थोडक्यात वाचलो. तू घाबरू नको.

दसऱ्याले चार वाजता गाडी काढली. आमी अकरा जन. गावाची शीव ओलांडून शमीच्या झाडापाशी जायाचं होतं. सरबताले बर्फ पाह्यजे म्हनून फ्रिज सकाळपासून चालू होता, पंखाबी चालू. शिवेजवळ गेलो तं मांगच्या बाकाखालून धूर निंगाला. प्रनाली त्याच बाकावर लोळून राहिली होती. सूनबाईनं पोट्टीले उचललं अन् बोचक्यावानी दारातून बाहेर चंदनच्या आंगावर फेकलं. मंग पाना द्या, पाना द्या म्हनून वरडाले लागली. पाना कुठून देनार? पाना घरी देवापाशी, हळदीकुंकवात. म्या तांब्या घेऊन पानी टाकाले गेली तं माह्यावर वरडली, वायरवर पानी नका टाकू म्हने. सासूवर वरडली दादा, अकरा मानसाइच्या देखत.

मंग तिनं हाताले पदर गुंडाळला अन् थे केबल धरून वढली. सुटेलोक सोडली नाई. पदर जळून हाताले चिकटला. अंगठा अन् बाजूची दोन बोटं. डाक्टरनं दोन्ही बोटाइचे दोन-दोन पेर काढून टाकले, अंगठा वाचला पन वाकत नाई. गाडीचं मांगचं बाक जळलं, बाकी गाडी साबूत हाये, देवाची किरपा.

आता जो तो इचारते, कशानं झालं? म्या सांगतलं, आमच्या इंजिनेर बाईनंच बोटं घातली असतीन. नाईतं तिले महिनाभर आंधी कसं ठाऊक, का कुठून पेटनार हाये? लोकाइले पटलं. तुह्या नावाले म्या धक्का लागू देल्ला नाई.

दिवाळी तोंडावर. समदा झेंडू तोडायचा पडला. उजव्या हाताची बोटं गेलेली सून फुलं कशी तोडन अन् हार कसे ओवन? चौथ्या दिवशी तिले बार्शीटाकळीले भावाकडे पाठवून देली. प्रनाली इथंच राहीन, शाळा हाये तिची. तिच्या भावाले सांगतलं, आमी बलावू तवाच आनजा.

तू जिवाले लावून घेऊ नको. पत्र पाठव.

माणिक


बार्शीटाकळी
१२ ऑक्टोबर २०२५

केशवमामांस,
नमस्कार.

डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षराला हसू नका. या विषयावर लिहिलंस तर उत्तर देणार नाही असं तुम्ही लिहिलं होतं. उत्तर मला नकोच, तुमच्या बहिणीला द्या.

दवाखान्यात माझी मूठ उघडली तेव्हा आत ती टोपी निघाली. नर्सने ती कापसात बांधून दिली. मी ती इथे उजेडात पाहिली. एका बाजूने चपटी आहे, दुसऱ्या बाजूने निम्म्या तारा दबलेल्याच नव्हत्या. हातोडीने तसंच होतं, मामा. घरात ते चालून जात असेल. ही टोपी माझा भाऊ कुलदीप अमरावतीला घेऊन गेला तर सासूबाई म्हणाल्या, तिनंच वाकवली असन.

तुमच्या भाच्यांना मी फोन केला. ते म्हणाले, मामांची चूक असती तर मामांनी सांगितलं असतं, मामा खोटं बोलत नाहीत. प्रणालीशी बोलू देत नाहीत. ती रडते म्हणून, असं सांगतात. रडते तर मग द्या ना मला तिला!

बोटं गेली त्याचा हिशोब मी कुणालाच मागत नाही. तुम्ही मला बापावरून बोललात, तेही सोडलं. फक्त एवढं लिहा की जोड तुमचा होता, तो सुटला, सुनेने त्याला हात लावला नव्हता. सासूबाई या जगात फक्त तुमचं ऐकतात. मला माझी पोरगी पाहिजे. मला माझ्या घरी जायचं आहे. भावाच्या घरी भाजी चिरता येत नाही, भाकरी थापता येत नाही, वहिनी काही बोलत नाही पण भांडी जोरात आपटते.

तुम्हाला लेक नाही, म्हणून तुम्हाला सांगून कळेल का ते मला माहीत नाही. तरी सांगते.

वर्षाली


अकोला
१५ ऑक्टोबर २०२५

चि. माणिकास,
आशीर्वाद.

हे पत्र नीट वाच.

काल मी जुन्या सामानातून तसलीच केबल काढली, टोपी घेतली अन् हातोडीचे तीन घाव मारले, जसे तुझ्या गाडीत मारले होते. बॅटरी, इन्व्हर्टर जोडलं, त्यावर फ्रिज लावला अन् टेबलाचा पाय धरून हलवत बसलो. शेजारचे म्हणाले म्हाताऱ्याले भूत लागलं. तासाभरात टोक असं तापलं की बोट ठेवता येईना. फ्यूज उडाला नाही. त्या पोरीनं ऑगस्टमधे लिहिलं होतं ते अक्षर न् अक्षर खरं निघालं.

माणिक, चूक माझी आहे. जन्मभर मी न हलणाऱ्या भिंतींत तारा टाकल्या, अन् गाडीलाही भिंत समजलो. मले दोनदा सांगितलं गेलं. मी दोन्ही वेळा तिच्या तोंडावर थुंकलो. तुझी नात आज जिवंत आहे ती त्या पोरीच्या हातामुळे, अन् तो हात माझ्यामुळे गेला.

सुनेले घरी आण. लेकरू तिच्या मांडीवर दे. अन् हे पत्र चंदनले मोठ्यानं वाचायला लाव, चार लोकांत, जसं तिचं वाचलं होतं. माझी जी नाचक्की व्हायची ती होऊ दे, मी त्यालाच लायक आहे.

भावाचं एवढं ऐक.

केशव


अमरावती
१८ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,
माणिकचा दंडवत.

तुहं पत्र वाचलं अन् चुलीत घातलं. चंदनले नाई दाखवलं, दाखवनारबी नाई.

मले ठाऊक होतं दादा. तू काहून नवीन सांगून राहिला? नवमीच्या सकाळी पूजेआंधी ती माह्या पाया पडली. म्हने, आई, एक पाना द्या, दहा मिंटात वापस ठेवते. म्या तिच्या देखत त्या पान्याले हळद लावली, कुंकू लावलं अन् म्हनलं, आता उचलून दाखव. मले वास येत नव्हता का? येत होता. पन वास येते असं म्हनलं असतं तं ती जितली असती.

आता तुही चूक म्हनली का माहीबी निंगते. मंग चौसष्ट वर्साची बाई म्या त्या पोट्टीच्या पाया पडू? थे होनार नाई. सून दुसरी भेटते, भाऊ दुसरा भेटत नाई. शेजारची कौशल्या मोर्शीकडची एक सोडचिठ्ठी झालेली पोरगी सांगून राहिली, हात-पाय धड हायेत. चंदन अजून आयकत नाई, आयकन.

भाऊबीजेले ये. चंदन तुले इचारन, त्याच्या मनात शंका हाये. तू काही बोलू नको. बोलला तं मले मेलेलं पाह्यशीन. अन् आलाच नाई तं माहं माहेर आजपासून सरलं असं समजीन.

करंज्या तुह्यासाठी येगळ्या काढून ठेवल्या. आठवन येते दादा.

तुही एकुलती एक बहीन,
माणिक


अकोला
२५ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. वर्षालीस,
केशवमामाचे अनेक आशीर्वाद.

तू सांगितलं तसं मी लिहिलं होतं. खरं खरं लिहिलं होतं. ते पत्र तुझ्या सासूनं जाळलं. म्हणून भाऊबीजेले मी स्वतः अमरावतीले गेलो. सगळ्यांपुढे तोंडानं सांगायचं असं ठरवून गेलो होतो, यावर विश्वास ठेव.

माणिकनं ओवाळलं. प्रणाली तबकापाशी उभी होती. बारीक झाली आहे. चंदननं तिची शाळेची वही घेतली अन् मले ऐकू येत नाही म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलं, मामा, जोड तुमचा सुटला का वर्षालीनं हात लावला होता? तुमी फक्त ‘माझा’ म्हणा, मी तिले उद्याच घेऊन येतो. अन् वही माझ्यापुढे धरली. खोलीत आठ-दहा माणसं होती. एक शब्द बोलायचा होता.

माणिक तबक हातात घेऊन माझ्याकडे पाहत होती. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती, मीच तिची वेणी घालून शाळेत पाठवत होतो.

मी वही डोळ्यांजवळ नेली, दूर नेली, अन् म्हणालो, चष्मा अकोल्याले राहिला बाप्पा, मले काही दिसत नाही. चष्मा सदऱ्याच्या खिशातच होता. प्रणाली खिशाकडे बोट दाखवाले लागली. माणिकनं तिले धरून आत नेलं. चंदननं वही मिटली. ओरडून विचारायची त्याले शरम वाटली असेल. नंतर आम्ही जेवलो.

आता मले पत्र पाठवू नको. पाठवलंस तर मी फोडणार नाही. मले एकच बहीण आहे. तू तरुण आहेस, डाव्या हाताचं अक्षरही बरं येते तुझं. काहीतरी मार्ग निघेल.

हाताला थंडीत जप. माझा लोभ तुझ्यावर होता, आहे, अन् पुढेही तसाच राहील.

केशवमामा